घरी ताण कोण देतं?

तात्यांनी पिंजलेला कापूस किती हलका असतो, याविषयी गल्लीत दोन मतं होती. एक मत असं, की त्यांच्या अंगणातला ढीग एकदा वाऱ्यानं उचलला, तो वर जाऊन ढगांत मिसळला, आणि त्या वर्षी पाऊस पडला तेव्हा माणसांच्या केसांत कापसाचे तंतू निघाले. दुसरं मत असं, की पहिलं मत तात्यांनीच पसरवलंय. पण दोन्ही मतांची माणसं गाद्या मात्र तात्यांकडेच आणून टाकायची. पिंजाऱ्याचं घर गावात एकच उरलं होतं.

घरात माणसं चार. तात्या पिंजायचे. त्यांचा मुलगा गाद्या शिवायचा; दाभण कायम त्याच्या दातांत, त्यामुळे त्याला काहीही विचारलं तरी उत्तर 'म्म' असंच यायचं. सून खोळी धुवायची, फाटलेल्या सांधायची, कापूस वाळत घालायची. आणि नात पंधरा वर्षांची. जन्मली तेव्हा एवढीशी नि टणक होती, म्हणून तात्यांनी तिला सरकी म्हटलं. शाळेच्या हजेरीपटावर तिचं दुसरं काही नाव होतं, पण त्या नावानं हाक मारली तर ती स्वतःच मागं वळून बघायची, कुणाला बोलावतायत म्हणून.

त्या वर्षी ऐन कोरड्या दिवसांत पावसानं आठवडाभर मुक्काम ठोकला. शाळेला लागून मुलींचं वसतिगृह होतं, त्याचं छप्पर गळलं आणि साठ गाद्या भिजल्या. भिजलेला कापूस वाळताना आवळतो. एकेक गादी अशी झाली, की झोपणाऱ्या मुलीला वाटावं आपण बटाट्याच्या पोत्यावर पडलोय. मुलींची सोय शिक्षकांच्या घरी झाली. एका सोमवारी हेडसर टेम्पोभर गाद्या घेऊन पिंजाऱ्याच्या दारात आले.

"तात्या, पुढच्या सोमवारी सकाळी साठच्या साठ परत पाहिजेत. मुली परत येणार."

"मिळतील."

"नाही मिळाल्या तर फोमच्या मागवायच्या, असं वरून आलंय. मी म्हटलं, आधी आपल्या माणसाला विचारू. पण एकदा फोम आला की परत कापूस नाही, हे लक्षात ठेवा."

"सर, फोम म्हणजे काय, माहितीय? फेस. फेसावर कधी कुणी झोपलंय का?"

"सगळं जग झोपतंय."

"म्हणूनच जगाची झोप उडालीय," तात्या म्हणाले आणि त्यांनी पिंजण खुंटीवरून काढली.

पिंजण म्हणजे पुरुषभर उंचीचं आडवं लाकडी धनुष्य. काम करताना ते छताला दोरीनं टांगायचं. त्याला मेण लावलेली आतड्याची तात असते; धनुष्याच्या टोकाची खुंटी पिळली की ती ताणते. तात कापसात बुडवायची आणि लाकडी ठोकळ्यानं तिच्यावर ठोका द्यायचा. तात थरथरते, गुठळी फुटते, कापूस उडतो. सगळी करामत त्या तातेच्या ताणात. ताण कमी असला तर तात कापसात नुसती लोळते. जास्त झाला तर तुटते आणि समोर जो असेल त्याला शिकवून जाते. त्यामुळे या घरात सकाळी उठल्यावर पहिलं वाक्य असायचं, "ताण दिला का?" आणि पावसाळी हवेत तात सैल पडते, म्हणून ते वाक्य दिवसातून चार-पाच वेळा ऐकू यायचं.

सोमवारी दहा गाद्या झाल्या. मंगळवारी सकाळी दोन झाल्या, आणि तिसरीच्या वेळी तात्यांच्या उजव्या खांद्यात काहीतरी 'कट्' झालं. हात वर होईना. तात्या म्हणाले, हाड नाही, आळस निखळलाय. पण बोलताना त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. आईनं जुन्या खोळीची पट्टी फाडून हात गळ्यात बांधला.

"आता?" आई म्हणाली.

बाबा म्हणाले, "म्म."

सरकीनं दप्तर कोपऱ्यात ठेवलं आणि ठोकळा उचलला. दोन वर्षं ती हौसेनं मधूनमधून पिंजायची. हौसेनं पिंजणं वेगळं आणि गाद्या मोजून पिंजणं वेगळं. पहिल्या तासात मनगट बोलायला लागतं, दुसऱ्यात कोपर, तिसऱ्यात पाठीचा असा एक मणका, जो असतो हेच आधी माहीत नसतं. नाकातोंडात कापूस. घामावर कापूस बसला की खाज सुटते आणि खाजवायला हात मोकळा नसतो. तरी तिनं संध्याकाळपर्यंत चार गाद्या काढल्या. तात्या एका हातानं चहा पीत शेजारी बसून सूचना देत होते.

"डावा पाय मागं. ठोका मारू नकोस, सोडून दे. कापसाशी भांडण नाहीये आपलं."

बुधवारी ती शाळेच्या आधी दोन तास आणि शाळेनंतर अंधार पडेपर्यंत पिंजत राहिली. पाच झाल्या. शाळेत मात्र तिची मान डुलत होती. शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीनं विचारलं, "काय गं, ढोल वाजवल्यासारखा हात का हलतोय तुझा?"

"गाद्या."

"गादीवाल्यांची पोरगी आणि झोप वर्गात?"

झोपेचं प्रकरण गाद्यांच्या आधीपासूनचं होतं. बाबांचा जुना, काच तडकलेला फोन तिच्याकडे होता. अंथरुणात पडलं की ती त्यात जग बघायची. कुठं जंगल पेटलेलं. कुठं बर्फ वितळून अस्वल एका तुकड्यावर उभं. कुठं तिच्याएवढ्या मुली हातात फलक घेऊन रस्त्यावर. हे सगळं बघून झाल्यावर ती फोन बंद करायची, पण अस्वल बंद व्हायचं नाही. ते डोळ्यांसमोर तुकड्यावर उभंच राहायचं. कुणाला सांगावं तर कसं सांगावं? 'आई, मला एका अस्वलाची काळजी वाटते' असं कोण म्हणणार.

त्याच बुधवारी शाळेत दोन कागद वाटले गेले. सकाळी भूगोलाच्या सरांनी एक दिला: 'माझ्या घरचा व्यवसाय'. त्यात व्यवसायाचं नाव, कच्चा माल, अवजारं. दुपारी नव्या बाईंनी दुसरा दिला. या बाई शिकवायच्या नाहीत. एका खोलीत बसून मुलांचं म्हणणं ऐकायच्या. बाकी सगळ्या शाळेचं काम सांगायचं, यांचं ऐकायचं, म्हणून मुलं त्यांना ऐकणाऱ्या बाई म्हणत. त्यांच्या कागदाला दोन पानं होती. पहिल्या पानावर 'तुझं मन, तुझं आरोग्य' असं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. पण छपाई यंत्रातला कागद मध्येच संपल्यामुळे शेवटच्या बाकांना फक्त दुसरं पान मिळालं. सरकी शेवटच्या बाकावर. ती पेंगत होती. तिला वाटलं, हे सकाळच्याच कागदाचं पुढचं पान.

तिनं प्रामाणिकपणे भरलं.

'घरी ताण असतो का?' — हो, रोज.

'ताण कोण देतं?' — आजोबा. ते नसले तर बाबा, पण बाबांच्या ताणात दम नसतो. कालपासून माझा मलाच द्यावा लागतो.

'ताण कधी जास्त असतो?' — कडक उन्हात. ढगाळ हवेत कमी होतो, मग पुन्हा वाढवतो.

'ताण खूप वाढला तर काय होतं?' — तुटते. एकदा माझ्या गालावर बसली होती. वळ आठ दिवस होता.

'ताण कमी करण्यासाठी घरातले काय करतात?' — कमी झाला तर आजोबा ओरडतात.

'मदत लागली तर कोणाकडे जातेस?' — आईकडे. ती मेण लावते.

शेवटचा प्रश्न होता, 'रात्री किती तास झोप लागते?' त्यात पिंजाऱ्यालाही गोंधळ व्हायला जागा नव्हती. तिथं तिनं लिहिलं, तीन. कधी चार.

गुरुवारी सकाळी दोन गाद्या झाल्या. शाळा अर्ध्या दिवसाची होती. दुपारी सरकी घरी येऊन तिसरी पिंजायला उभी राहिली आणि तासाभरात हेडसर नि ऐकणाऱ्या बाई गल्लीत आले. बाईंच्या हातात कागद होता. दार लोटलेलं होतं. बाई टकटक करणार, तेवढ्यात आतून तात्यांचा आवाज आला.

"ताण दे अजून."

"तात्या, तुटेल आता," सरकीचा आवाज.

"तुटू दे. तुटल्याशिवाय कळत नाही किती सोसतं ते."

बाईंनी हेडसरांकडे पाहिलं. हेडसरांनी रुमालानं कपाळ पुसलं. बाईंनी दार ढकललंच.

आत सगळीकडे कापूस तरंगत होता. त्यात पांढऱ्या भुवयांची एक मुलगी, गळ्यात हात बांधलेला एक म्हातारा, दातांत दाभण धरलेला एक माणूस आणि खोळींच्या ढिगाआड मुलीची आई. पिंजण कापसाच्या ढिगात अर्धी बुडालेली होती, ती काही पाहुण्यांना दिसली नाही.

"बसा, सर," आई उठून म्हणाली. "अहो, पाट द्या."

"म्म," म्हणून बाबांनी पाट दिला.

बाई पाटावर बसल्या नाहीत. त्या तात्यांच्या समोर जमिनीवर बसल्या. आवाज अगदी मऊ ठेवून त्यांनी विचारलं, "आजोबा, तुम्ही हिला ताण देता?"

"ताण? तिला कशाला?" तात्या म्हणाले. मग बाई उगाच विचारणार नाहीत असं वाटून त्यांनी नीट सांगितलं, "तसा मीच देतो रोज. साठ वर्षं झाली."

"साठ वर्षं?"

"माझ्या वडलांनी मला शिकवलं. त्यांचा ताण म्हणजे काय सांगू तुम्हाला. सकाळी दिला की गावभर आवाज जायचा."

हेडसर पाटावरून अर्धे उठले. "आणि शेजारी काही म्हणत नसत?"

"म्हणत ना. म्हणत, वाजतोय चांगला."

बाईंनी कागद चाचपला. "ही लिहिते, तुम्ही नसलात तर वडील देतात."

"त्याचा सोडा," तात्या बाबांकडे बघत म्हणाले. "त्याचा ताण म्हणजे ओली सुतळी. कापूससुद्धा घाबरत नाही."

बाबांनी 'म्म' केलं. यावेळी जरा दुखावलेलं.

"आणि गालावर मारलेलं?" बाईंचा मऊ आवाज आता थोडा कापायला लागला होता. "आठ दिवस वळ?"

"ती तर तिची चूक. तोंड पुढं करून बघत होती. मी म्हटलेलं, ताण चढला की तोंड लांब ठेव."

सरकीनं इथवर ठोकळा खाली ठेवला होता. कागदावरचं आपलं अक्षर तिनं ओळखलं. मग बाईंचा चेहरा पाहिला. मग एकेक उत्तर तिला आठवत गेलं आणि कान तापत गेले. "बाई," ती म्हणाली, "तो तातेचा ताण."

"कोणाचा?"

"तात्यांचा नाही. तातेचा."

आता यातून कुणाला काय कळणार. तिनं कापसाचा ढीग बाजूला सारून पिंजण वर ओढली आणि एक ठोका दिला. टणण्ण. पुंजका उडून सरळ हेडसरांच्या डोक्यावर बसला. तिनं खुंटी पिळून तात सैल केली आणि पुन्हा ठोका दिला. थप. पुंजका जागचा हलला नाही.

"हा ताण," ती म्हणाली.

बाईंनी कागद पहिल्यापासून पुन्हा वाचला. 'ती मेण लावते' इथं पोचल्यावर त्यांनी पदर तोंडाला लावला. हेडसरांनी कागद ओढून घेतला, वाचला, आणि एवढ्या जोरात हसले की तोंडात कापूस गेला. मग त्यांना खोकला, मग आईची पाण्यासाठी धावपळ, मग तात्यांचं "सावकाश गिळा, कापूस पौष्टिक असतो." बाबांनी दाभण दातांतून काढली नाही, पण त्यांचे खांदे हलत होते.

हसणं ओसरलं. हेडसर निघायला उठले. ऐकणाऱ्या बाई उठल्या नाहीत.

"आणि हा शेवटचा प्रश्न?" त्यांनी विचारलं. "तीन तास. हेही तातेचंच का?"

तात्यांनी सरकीकडे पाहिलं. चोराच्या घरात चोरी व्हावी तसा त्यांचा चेहरा झाला.

"तीन तास? पिंजाऱ्याच्या घरात? अगं, बाहेर कळलं तर एक गादी येणार नाही दारात."

"झोप येत नाही," सरकी म्हणाली.

"कशामुळं?"

ती ठोकळ्यावरचा कापूस काढत राहिली. मग सांगितलं. अस्वलाचं, जंगलाचं, फलकवाल्या मुलींचं, समुद्र वर येतोय त्याचं. आणि आता साठ गाद्या नाही झाल्या तर फोम येईल, तात्यांची पिंजण खुंटीवरच राहील, त्याचंही. सांगताना तिला भीती होती की सगळे हसतील. नुकतेच हसत होते, तोंडं तयारच होती.

तात्या हसले नाहीत. त्यांनी डाव्या हातानं तात दोन बोटांत धरली.

"समुद्राचं मला कळत नाही," ते म्हणाले. "मी पाहिला नाही. पण ही तात सांगते. पूर्वी या दिवसांत सकाळी एकदा ताण दिला की संध्याकाळपर्यंत बघायला लागायचं नाही. आता पाच वेळा पिळतो. हवा बदललीय. मी म्हटलं, म्हातारपणामुळं आपल्यालाच वाटतंय, कशाला बोला."

"मलाही वाटतं," आई म्हणाली. "कापूस वाळायला दोन दिवस जास्त लागतात हल्ली."

सरकीनं दोघांकडे पाहिलं. हे सगळं फक्त आपल्याला दिसतं, असं तिला वाटत होतं. आणि हे दोघं आपापल्या कोपऱ्यात, एक तात धरून नि एक खोळी पिळून, तेच बघत बसलेले. तिला बरं वाटलं. का ते सांगता आलं नसतं, कारण बातमी तर वाईटच होती.

"मग आपण काय करायचं?" तिनं विचारलं.

"सोमवारपर्यंत छत्तीस गाद्या," तात्या म्हणाले. "त्याच्यापुढचं बसून बोलू. एकटीनं नाही बोलायचं पण."

"छत्तीस गाद्या ही करणार नाही," बाई म्हणाल्या. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. "फार तर रोज एक. आणि फोन संध्याकाळी आईकडे. मला ऐकायचा पगार मिळतो, पण एवढं सांगते."

हेडसरांनी मान हलवली. "बाई म्हणतात ते बरोबर. शाळेच्या गाद्यांसाठी शाळेतल्याच मुलीची झोप घालवायची, हे मला नाही चालणार."

"मग पिंजणार कोण?" तात्या म्हणाले. "माझा हात असा. हा शिवायला लागतो. याच्या हातात ठोकळा दिला तर कापूस झोपून जातो."

बाहेर पुन्हा भुरभुर सुरू झाली. तेवढ्यात आईनं हातातली खोळ खाली ठेवली, ओचा खोचला आणि पिंजणीपाशी आली.

"सरक," ती लेकीला म्हणाली.

"तुला येतं?"

आईनं खुंटी पिळली. तात टिचकी मारून ऐकली, आणखी अर्धा वेढा दिला, पुन्हा ऐकली. डावा पाय मागं घेतला. आणि ठोकळा सोडला. टणण्ण, टणण्ण, टणण्ण. गुठळ्या अशा फुटायला लागल्या की जणू त्या तिचीच वाट बघत होत्या. कापूस छताला जाऊन परत आला. तात्यांचं तोंड उघडंच राहिलं, आणि तात्यांचं तोंड न बोलता उघडं राहिलेलं घरात कुणी पाहिलं नव्हतं.

"हे कधी शिकलीस?" तात्यांनी शेवटी विचारलं.

"सतरा वर्षं समोर बसून खोळी शिवतेय. तुम्ही दुपारी पडता तेव्हा काय करत असेन मी?"

"बोलली नाहीस कधी."

"कुणी विचारलं?"

बाबांनी दातांतून दाभण काढली. घरातल्या सगळ्यांनी कान टवकारले. "मला माहीत होतं," ते म्हणाले आणि दाभण परत दातांत गेली.

"आणि सांगितलं नाहीस मला?" तात्या.

"म्म."

त्या दिवसापासून चार दिवस घराचा नकाशाच बदलला. आई पिंजायला. तात्या एका हातानं खोळी पसरायला. पहिल्या दिवशी त्यांनी तीन खोळी उलट्या पसरल्या आणि आईनं न बोलता सुलट केल्या. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "सूनबाई, या खोळीचं तोंड कुठंय तेवढं सांगाल का?" गल्लीतली माणसं हे ऐकायला दारात उभी राहायची. सरकी शाळेतून आली की एक गादी पिंजायची, मग जेवण, मग फोन आईच्या डब्यात. पहिल्या रात्री ती पाच तास झोपली. दुसऱ्या रात्री अस्वल आलं होतं, असं तिनं सकाळी सांगितलं. "मग काय म्हणालं?" तात्यांनी विचारलं. "त्याला म्हटलं, आजोबांशी बोलून सांगते." तात्यांनी गंभीरपणे मान हलवली आणि कापूस चाचपत म्हणाले, "आपण एकदा त्या फलकवाल्या पोरींना पत्र लिहू. फलक जाड कापडाचा करा म्हणावं, कागदाचा भिजला तर फाटतो. आम्ही शिवून देऊ."

रविवारी संध्याकाळी उजेड असतानाच साठावी गादी शिवून झाली. बाबांनी शेवटचा टाका घातला, गाठ मारली आणि दाभण भिंतीत खोचली. गादी झाली की एकानं तिच्यावर पडून, कुठं गाठ टोचते का ते बघायचं, अशी या घरची रीत. तात्यांनी सरकीला सांगितलं, "पड जरा. बघ."

सरकी पडली.

सोमवारी सकाळी आठ वाजता टेम्पो आला. हेडसर पुढं, ऐकणाऱ्या बाई मागं. ड्रायव्हरनं गाद्या भरल्या, दोनदा मोजल्या.

"सर, एकोणसाठ आहेत."

हेडसरांनी स्वतः मोजल्या. "तात्या, एक कमी आहे."

तात्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि त्यांना आत नेलं. सरकी साठाव्या गादीवर आडवी पसरली होती. तोंड उघडं, एक हात जमिनीवर, पापणीवर कापसाचा तंतू, तो श्वासाबरोबर हलत होता.

"कधीपासून?" बाईंनी कुजबुजत विचारलं.

"काल संध्याकाळपासून. जेवायलाही उठली नाही."

हेडसर घड्याळाकडे बघत म्हणाले, "शाळेची घंटा होईल आता."

"तिच्या हजेरीचं मी बघते," बाई म्हणाल्या.

"पण गादी साठावी. आज मुली येणार. पावतीवर साठ लिहायचंय मला."

"लिहा की," तात्या कुजबुजले. "गादीची तपासणी चाललीय. चौदा तास झाले, एकही गाठ लागलेली नाही. असा दाखला फोमवाला देईल का?"

हेडसरांनी थोडा वेळ झोपलेल्या मुलीकडे पाहिलं. मग खिशातून पेन काढलं, भिंतीला कागद टेकवून 'साठ मिळाल्या' असं लिहिलं आणि पावलं न वाजवता बाहेर आले. बाबा दाराशी होते. त्यांच्या दातांत दाभण नव्हती, तरीही ते काही बोलले नाहीत. दुपारी गादी डोक्यावर घेऊन येतो, अशी त्यांनी हातानंच खूण केली.

ड्रायव्हर किल्ली लावायला चढला तेव्हा आईनं त्याला थांबवलं. त्या टेम्पोचं इंजिन चालताना निमूट असतं, पण सुरू होताना असा बार काढतं की तीन गल्ल्यांतली कुत्री उठतात, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. आईनं ओचा खोचला आणि टेम्पोच्या मागं हात लावला. बाबांनी लावला. तात्यांनी डावा लावला. ऐकणाऱ्या बाईंनी पिशवी खांद्यावर अडकवली. हेडसरांनी इकडं तिकडं पाहिलं, विद्यार्थी कुणी बघत नाही याची खात्री केली आणि तेही वाकले. एकोणसाठ गाद्यांचा टेम्पो आवाज न करता गल्लीतून निघाला.

कोपऱ्यावर ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं. "आता करू का चालू?"

आईनं मागं वळून घराकडं पाहिलं.

"अजून थोडं पुढं," ती म्हणाली.